दोन पांढरे उंदीर

आम्ही कल्याणला राहतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाने ईदीच्या पैशांतून दोन पांढरे उंदीर विकत आणले. "दोन्ही माद्या आहेत," असे विकणाऱ्याने त्याला सांगितले होते.

उंदीर पाहताच त्याची दादी घाबरली. "२००५ चा पूर विसरलात का?" ती म्हणाली.

तिची भीती खोटी नव्हती. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी कल्याणमध्ये शिरले. त्यानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या लघवीतून या रोगाचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात.

"आई, हे गटारातले उंदीर नाहीत. पण स्वच्छता ठेवावीच लागेल," मी म्हणालो. उंदरांना हात लावण्याआधी व नंतर साबणाने हात धुवायचे, असा पहिला नियम ठरला. बाहेरचे उंदीर पिंजऱ्याजवळ येणार नाहीत, याचीही काळजी घेतली.

पिंजऱ्याच्या तारा जवळजवळ होत्या. तळाला कोऱ्या कागदाच्या पट्ट्या अंथरल्या. उंदरांचे पुढचे दात सतत वाढतात, म्हणून कुरतडायला लाकडाचा तुकडा ठेवला. बाजरी, ज्वारी, थोडे गाजर किंवा काकडी हे त्यांचे खाणे. पाणी रोज बदलायचे. शेपटी धरून उचलायचे नाही, दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचे. उंदीर रात्री जागतात, म्हणून दिवसा त्यांची झोप मोडायची नाही. मुलगा हे सर्व आनंदाने करू लागला.

एके दिवशी तो ओरडत आला, "अब्बा, पिल्ले!" पाच गुलाबी पिल्ले होती. अंगावर केस नव्हते, डोळे मिटलेले होते. दोघांपैकी एक नर होता!

मी नराला लगेच वेगळे केले. उंदराची मादी सुमारे वीस दिवसांत पिल्ले देते, आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लेही दीड-दोन महिन्यांत वयात येतात.

"नाल्यात सोडून द्या," एक शेजारी म्हणाले. मुलाने माझ्याकडे पाहिले.

"पांढरा उंदीर लांबून दिसतो," मी त्याला समजावले. "घार, कावळा, मांजर त्याला एका दिवसात खातील. अन्न शोधायलाही तो शिकलेला नाही. आपण आणले, आता आपणच सांभाळायचे."

तीन-चार आठवड्यांनी आम्ही नर आणि माद्या वेगळ्या केल्या. तीन माद्यांपैकी एक आईजवळ राहिली. दोन माद्या मुलाच्या मित्राकडे गेल्या. पण त्याच्या आईवडिलांनी होकार दिल्यावरच. नर आपसात भांडतात, म्हणून तिन्ही नरांना वेगवेगळे पिंजरे लागले. बॅटीसाठी साठवलेले पैसे त्यात संपले. मुलगा दोन दिवस गप्प होता, पण त्याने तक्रार केली नाही.

मे महिन्यात तो भिवंडीला नानीकडे गेला. एका दुपारी वीज गेली. मी घरी आलो, तर सगळे पिंजरे माठाजवळच्या गार फरशीवर होते आणि दादी पाण्याच्या वाट्या भरत होती. "मुके जनावर आहे, मागणार कसे?" ती म्हणाली आणि साबणाने हात धुवायला गेली.

उंदीर दीड-दोन वर्षेच जगतो. शेवटचा उंदीर गेला तेव्हा मुलगा सातवीत होता. त्याने पिंजरे धुऊन उन्हात ठेवले. "दुसरे आणायचे का?" मी विचारले.

"आधी विचार करतो," तो म्हणाला.

मुलांनो, प्राणी आणायला पाच मिनिटे पुरतात. सांभाळायला त्याचे सारे आयुष्य द्यावे लागते.

शब्दार्थ
साथ – अनेकांना एकाच वेळी होणारा रोग
कुरतडणे – दातांनी थोडे थोडे कापणे
ओंजळ – दोन्ही तळहात जोडून केलेली खोलगट जागा
गाभण – पोटात पिल्ले असलेली

स्वाध्याय
१. दादी उंदरांना का घाबरली?
२. पांढरे उंदीर नाल्यात का सोडू नयेत?
३. "आधी विचार करतो," असे मुलगा का म्हणाला असेल? पाच ओळी लिहा.