चॅटबॉट बनवायला शिकताय? आधी तक्रारी वाचायला शिका

‘कोड आता एआयच लिहितं म्हणे, मग आमच्या मुलाला नोकरी कोण देणार?’ हल्ली पालकांचा हा प्रश्न ठरलेला. ग्राहकसेवेच्या चॅटबॉटपुरतं त्याचं उत्तर कॅनडातल्या एका निकालात सापडतं.

एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं, की घरातल्या मृत्यूनिमित्त मिळणारी भाडेसवलत प्रवासानंतरही मागता येईल. नियम नेमका उलटा होता. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा युक्तिवाद कंपनीने केला (हसू नका, खरंच केला!). फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली.

बॉट बोलता करणं आता सोपं झालंय. तो कंपनीच्या नियमांबाहेर जाणार नाही, हे बघणारा माणूस मात्र लागतोच.

हे काम जवळून बघा. ग्राहक रोमन लिपीत, निम्मी अक्षरं गाळून लिहितो: ‘पैसे कट झाले, ऑर्डर दिसत नाही.’ ही चौकशी नाही, तक्रार आहे, हे आधी ओळखायचं. मग ओटीपी घेऊन ग्राहकाची खात्री करायची, एपीआयमधून, म्हणजे दोन संगणक प्रणालींना जोडणाऱ्या दुव्यातून, पेमेंटची स्थिती काढायची, परताव्याचा नियम कंपनीच्या कागदपत्रांतून शोधायचा आणि उत्तर तेवढ्यावरच बेतायचं. नियम सापडला नाही, तर सगळं संभाषण माणसाकडे सोपवायचं. ग्राहकाला तेच रडगाणं पुन्हा गायला लावायचं नाही. नवशिक्यांनी या शेवटच्या पायरीकडे दुर्लक्ष करू नये.

त्यासाठी पायथन, एसक्यूएल आणि एपीआय पक्के हवेत. भाषेच्या मॉडेलला आपली कागदपत्रं जोडण्याचं तंत्र, म्हणजे ‘रॅग’, त्यानंतर. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. पालकहो, ‘३ महिन्यांत एआय इंजिनिअर’ अशा जाहिरातींना भुलून लाखभर रुपये मोजू नका.

त्यापेक्षा मुलांनी सीईटी सेलची प्रवेशाची माहितीपुस्तिका घ्यावी आणि त्यावर मराठी बॉट बांधावा. नॉन-क्रिमीलेअरपासून कॅप राउंडपर्यंतच्या प्रश्नांना त्याने पान क्रमांकासह उत्तर द्यावं, पुस्तिकेत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणावं. धाकट्या भावंडांना मनसोक्त प्रश्न विचारू द्यावेत, चुकलेली उत्तरं वहीत टिपावीत आणि मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्यावी.