आद्य मराठी नाटक : प्रयोग आणि संहिता

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• आरंभीच्या मराठी नाटकाचे महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• रंगभूमीचा इतिहास आणि नाट्यवाङ्मयाचा इतिहास यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• ‘पहिले मराठी नाटक’ या संकल्पनेची निकषांच्या आधारे चिकित्सा करता येईल.

प्रास्ताविक

५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. १८४३ मध्ये सांगली येथे झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ या नाटकाच्या प्रयोगाचे ते स्मरण आहे. त्यामुळे पहिले मराठी नाटक कोणते, असे विचारताच बहुतेक विद्यार्थी हेच नाव देतात. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. ‘पहिले’ हे विशेषण कोणत्या निकषावर दिले, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ प्राप्त होत नाही.

विषय-विवेचन

१. तंजावरची नाटके

तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या नावावर अनेक मराठी नाटके आहेत. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांपैकी एक. दाक्षिणात्य यक्षगान परंपरेशी नाते सांगणारी ही नाटके सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखित रूपात जतन झाली. काळाच्या निकषावर अग्रमान त्यांचाच. तथापि महाराष्ट्रातील रंगभूमीला त्यांचा परिचय नव्हता. त्यामुळे तिच्या घडणीत त्यांचा वाटा दिसत नाही.

२. ‘सीतास्वयंवर’

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगली संस्थानात झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी मराठीत तसे, परंतु अधिक नेटके खेळ रचण्याचे काम भावे यांच्यावर सोपविले. या नाटकांत सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंचावर असे. गणपती व सरस्वती यांचे स्तवन, विदूषकाचा प्रवेश आणि नंतर मुख्य आख्यान, असा क्रम असे. पदे सूत्रधार गाई. पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. राक्षसांच्या आरडाओरड्यामुळे अशा खेळांना पुढे ‘अलल डुर्र’ नाटके असे थट्टेने म्हटले गेले.

१८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले आणि राजाश्रय आटला. मंडळी गावोगाव खेळ करू लागली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले. मराठी नाटक आता प्रेक्षकाच्या पैशावर उभे राहू लागले. यात भावे यांचे ऐतिहासिक महत्त्व आहे. मात्र संवाद लिहिलेलेच नसल्यामुळे वाङ्मय म्हणून आपल्या हाती मुख्यतः पदे उरतात.

३. ‘तृतीय रत्न’

१८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी हे नाटक लिहिले. गरोदर स्त्रीला ग्रहपीडेची भीती घालून जोशी एका कुणबी कुटुंबाला नाडतो; विदूषक त्याचे ढोंग उघडे पाडत जातो; अखेरीस पती-पत्नी शिकण्याचा निश्चय करतात. येथे देवदैत्य नाहीत, समकालीन शेतकरी आहे. संवाद संपूर्ण लिहिलेले आहेत. फुले यांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. ते छापले गेले थेट १९७९ मध्ये. म्हणजे दिवसभर कष्ट करून शाळेची वाट धरू पाहणारी ही जोडी सव्वाशे वर्षे मराठी वाचकाला भेटलीच नाही. जे छापले जात नाही, त्याची नोंद वाङ्मयेतिहासात होत नाही. आणि काय छापावे हे ठरविण्याचा अधिकार सर्वांकडे सारखा नसतो.

४. ‘थोरले माधवराव पेशवे’

विनायक जनार्दन कीर्तने यांचे हे नाटक १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. ऐतिहासिक विषय, गद्य संवाद आणि शोकान्त शेवट ही त्याची वैशिष्ट्ये. विद्यापीठीय शिक्षणाबरोबर आलेल्या शेक्सपिअरच्या अभ्यासाची छाया त्यावर आहे. पौराणिक आख्यानाकडून लिखित, स्वतंत्र नाटकाकडे वळण्याची खूण म्हणून ते महत्त्वाचे ठरते.

५. निकषांचा विचार

काळ प्रमाण मानला तर तंजावर, प्रयोगपरंपरेचा आरंभ मानला तर भावे, समकालीन जीवनावरील संपूर्ण संहिता मानली तर फुले आणि मुद्रित ऐतिहासिक गद्य नाटक मानले तर कीर्तने, असे चार उत्तरांचे चार आधार आहेत. प्रयोग झाला पण संहिता नाही, आणि संहिता आहे पण प्रयोग नाही, अशी भावे व फुले यांच्या नाटकांची परस्परविरुद्ध स्थिती ध्यानात घ्यावी.

सारांश

रंगभूमीचा इतिहास प्रयोग, प्रेक्षक व आश्रय यांचा शोध घेतो. नाट्यवाङ्मयाचा इतिहास संहितेचा विचार करतो. नाटक दोन्हींत जगत असल्याने अभ्यासकाने दोन्ही बाजू पाहाव्यात आणि कोणते नाटक का नोंदले गेले नाही, हेही विचारावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. भावे यांच्या नाटकांतील सूत्रधाराचे कार्य स्पष्ट करा.
२. राजाश्रय संपल्यामुळे मराठी नाटकात कोणता बदल घडला?
३. ‘तृतीय रत्न’ला आद्य नाटकाचा मान द्यावा काय? आपले मत निकष सांगून मांडा.