एकाच दिवसाचे दोन भाव

प्रश्न : बाबांच्या जुन्या फायलीत इन्फोसिसच्या १९९३ च्या भागविक्रीचे अलॉटमेंटचे पत्र सापडले. त्यावर एका शेअरची किंमत ९५ रुपये आहे. मोबाइलवरच्या आलेखात मात्र त्याच कंपनीचा नव्वदच्या दशकातला भाव रुपया-दीड रुपया दिसतो. बाबांनी बहुतेक शेअर केव्हाच विकले; थोडे उरले होते, ते आता माझ्या नावावर झाले आहेत. विकायचे ठरवले तर कोणता भाव खरा धरायचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही खरे आहेत. पत्रावरचा भाव त्या दिवशी खिशातून गेलेल्या पैशांचा आहे. मोबाइलवरचा भाव आजच्या शेअरच्या मापाने मोजलेला आहे, आणि १९९३ नंतर हे माप बरेच बदलले.

इन्फोसिसने १९९४, १९९७ आणि १९९९ मध्ये एकास एक बोनस दिला. २००० मध्ये १० रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे ५ रुपयांचे दोन केले, म्हणजे स्प्लिट केला. २००४ मध्ये एकावर तीन असा घसघशीत बोनस आला. मग २००६, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये पुन्हा एकास एक. गुणाकार करत गेलात तर १९९३ च्या एका शेअरचे आज १,०२४ झालेले दिसतील. म्हणून आजच्या मापाने ते ९५ रुपये म्हणजे जेमतेम ९ पैसे. बोनसने कोणी श्रीमंत होत नाही. शंभराची नोट मोडून पन्नासच्या दोन घेतल्यासारखेच ते असते. बोनसनंतर शेअर दुप्पट होतात आणि भाव त्याच सकाळी निम्म्यावर उघडतो. आलेखात ही उडी तशीच ठेवली, तर दर बोनसला कंपनी कोसळल्याचा भास होईल. तो टाळण्यासाठी आलेख बनवणारे त्या तारखेआधीचे सगळे भाव मागे जाऊन भागतात. यालाच समायोजित भाव म्हणतात.

(‘तेव्हा १०० शेअर घेतले असते तर आज १,०२,४०० असते’ हा निरोप तुम्हालाही कोणीतरी पाठवला असेल. हिशेब बरोबर आहे. त्यात एवढेच नसते, की ती भागविक्री त्या वेळी पूर्ण भरलीसुद्धा नव्हती. पुण्यात १०,००० रुपयांवर उभी राहिलेली ही कंपनी करते तरी काय, हेच तेव्हा पुष्कळांना उमगत नव्हते.)

आता तुमचा खरा प्रश्न. कंपनीची वाढ पाहायची असेल, दोन काळांची तुलना करायची असेल, तर समायोजित भावच वापरा. दुसरा वापरणे चूक. कराचा हिशेब करायचा असेल तर मात्र हाच समायोजित भाव तुम्हाला खड्ड्यात घालू शकतो.

शेअरवरचा दीर्घकालीन नफा बरीच वर्षे करमुक्त होता. २०१८ च्या अर्थसंकल्पाने त्यावर पुन्हा कर आणला, पण तोवर झालेला नफा सोडून दिला. त्यासाठी ३१ जानेवारी २०१८ ही रेघ ओढली. त्याआधी घेतलेल्या शेअरची खरेदी-किंमत म्हणून त्या दिवशी बाजारात नोंदलेला सर्वांत चढा भाव धरता येतो. इथे बंद भाव चालत नाही, दिवसातला उच्चांक लागतो. (विक्रीचा भावच त्याहून कमी असेल तर तेवढाच धरायचा, आणि मूळ खरेदी यापेक्षा महाग असेल तर ती.) वारसाहक्काने आलेल्या शेअरला बाबांचीच खरेदी-तारीख आणि खरेदी-किंमत लागू होते, म्हणून ही सवलत तुमच्याही कामाची.

मोबाइलवर ३१ जानेवारी २०१८ शोधलात, तर त्या दिवसाचा निम्माच भाव हाती लागेल, कारण त्यानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये बोनस आला आणि आलेखवाल्याने मागचे सगळे निम्मे करून ठेवले. प्रत्यक्षात त्या दिवशी इन्फोसिस १,१०० च्या पुढे होता. करासाठी लागतो तो हाच मूळ, न भागलेला भाव, आणि तो रेघेच्या आधी हातात असलेल्या शेअरनाच लागतो. त्यात १९९४ ते २०१५ चे बोनसही आले. सप्टेंबर २०१८ च्या बोनसमधून आलेल्या शेअरची खरेदी-किंमत कायद्याच्या लेखी शून्य. म्हणजे डीमॅटमध्ये एकत्र दिसणाऱ्या तुमच्या शेअरचे दोन ढीग होतात. निम्मा भाव सरसकट सगळ्यांना लावलात, तर सगळे शेअर विकताना बेरीज योगायोगाने जुळेल. थोडेच विकलेत तर चुकेल. सी.ए.कडे जाताना हे दोन ढीग वेगळे मांडून घेऊन जा. शेअर बोनसऐवजी स्प्लिट झाला असता, तर ३१ जानेवारीचा भाव त्या प्रमाणात भागणे योग्य ठरले असते. आलेखाला बोनस आणि स्प्लिट सारखेच दिसतात, आयकर खात्याला नाही.

कंपनीचे तुकडे होतात तेव्हा गुंता आणखी वाढतो. जुलै २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी निघाली. आदल्या दिवशी एनएसईवर रिलायन्स २,८४१.८५ ला बंद झाला होता. २० जुलैच्या सकाळच्या खास सत्रात तो २,५८० ठरला, आणि मधले २६१.८५ रुपये नव्या कंपनीचे मानले गेले. म्हणजे बाजाराच्या मते वाटा ९ टक्क्यांच्या वर. करासाठी जुनी खरेदी-किंमत विभागण्याचे जे प्रमाण कंपनीने कळवले, ते मात्र ९५.३२ आणि ४.६८ टक्के, कारण ते बाजारभावावर नसून हिशेबवहीतल्या मूल्यावर ठरते. काही आलेखांत रिलायन्सचे जुने भाव यासाठी खाली आणलेले दिसतात, काहींत नाहीत. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले म्हणून घाबरू नका. कोणी काय वजा केले आहे तेवढे पाहा.

लाभांश बहुतेक आलेख धरतच नाहीत, आणि माझ्या मते नव्या गुंतवणूकदाराची सर्वांत मोठी दिशाभूल इथेच होते. कोल इंडियाची भागविक्री २०१० मध्ये २४५ रुपयांनी झाली. जून २०२३ मध्ये सरकारने आपल्याकडचे आणखी शेअर विकायला काढले, तेव्हा किमान भाव ठेवला २२५. नुसता आलेख पाहणारा म्हणेल, साडेबारा वर्षे फुकट गेली. पण या कंपनीने एका जानेवारी २०१४ मध्येच शेअरमागे २९ रुपये वाटले होते, आणि नंतरही दरवर्षी ती वाटतच राहिली. सेन्सेक्स आणि निफ्टीचे आपण रोज ऐकतो ते आकडेही लाभांशाविनाच असतात. लाभांश पुन्हा गुंतवला असे धरून काढलेला निर्देशांक वेगळा असतो. म्युच्युअल फंडांनी आपली कामगिरी त्याच्याशी ताडून दाखवावी, अशी सक्ती सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून केली. त्याआधी कित्येक फंड लाभांशासकटचा आपला परतावा लाभांशाविनाच्या निर्देशांकाशी ताडून पाठ थोपटून घेत होते.

प्रश्न : आजच्या सेन्सेक्समधल्या ३० कंपन्यांचे वीस वर्षांचे भाव उतरवून घेतले. जवळजवळ सगळ्यांतच पैसे वाढलेले दिसतात. मग डोळे मिटून याच घेत राहिले तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही निकाल लागल्यावर पास झालेल्यांचीच यादी घेतलीत. वीस वर्षांपूर्वी ही यादी वेगळी होती, आणि तुम्ही घेतले असते ते त्या यादीतले. सेन्सेक्स १९८६ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, अॅम्बेसेडरवाली हिंदुस्तान मोटर्स होती, बॉम्बे डाइंग होती. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचा घोटाळा उघड झाला आणि शेअर १७९ च्या आसपासवरून एका दिवसात ४० पर्यंत आला. तेव्हा सत्यम सेन्सेक्समध्ये होती. लगेच ती काढून तिथे सन फार्मा आणली गेली. तुमच्या तक्त्यात सन फार्माची पूर्ण वीस वर्षे आहेत आणि सत्यमची एक ओळही नाही. डीएचएफएलच्या भागधारकांचे २०२१ मध्ये सगळेच शून्य झाले; आज त्या कंपनीचा आलेख शोधायलाही कोणी जात नाही. त्या त्या वर्षीची यादी घेऊन हिशेब पुन्हा करा, आकडे उतरतील.

आलेख पाहताना उभा अक्ष टक्केवारीच्या प्रमाणात करून घ्या. बहुतेक अॅपमध्ये ‘लॉग’ अशी सोय असते. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहता प्रकरणात, सेन्सेक्स ५७० अंशांनी पडला. २३ मार्च २०२० ला ३,९३५ अंशांनी. साध्या आलेखात पहिली पडझड दिसतसुद्धा नाही. टक्क्यांत दोन्ही तेराच्या आसपास.

आणि वीस वर्षे हा काळ वाटतो तेवढा मोठा नाही. जपानच्या निक्केईने २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर गाठलेला उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला.

प्रश्न : खात्रीचे जुने भाव फुकट कुठे मिळतात?
– एक वाचक, पणजी

उत्तर : एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळांवर. दोन्ही बाजार दररोज ‘भावकॉपी’ काढतात, तिच्यात प्रत्येक शेअरचा उघडता, चढा, उतरता आणि बंद भाव असतो, तोही त्या दिवशी होता तसा, न भागलेला. वरच्या करासाठी हाच वापरा. एनएसईवर शेअरचे व्यवहार सुरू झाले ते नोव्हेंबर १९९४ मध्ये. त्याआधीचा भाव हवा असेल तर बीएसईकडे किंवा ग्रंथालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांकडेच वळावे लागेल. भावकॉपीत ‘बंद भाव’ आणि ‘शेवटच्या व्यवहाराचा भाव’ असे दोन रकाने दिसले तर गोंधळू नका. रोखीच्या बाजारात कित्येक वर्षे बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी. साडेतीनच्या ठोक्याला झालेल्या सौद्याचा भाव दुसऱ्या रकान्यात असतो.