घरचें पाणी आणि काचपेटींतील मासे



गतवर्षीं आमच्या शाळेंतील एका लहान विद्यार्थ्यानें खाऊचे पैसे साठवून मुंबईहून आठ निऑन टेट्रा मासे आणविले व शास्त्राच्या वर्गांतील नव्या काचपेटींत सोडले. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे ते इवलेसे मासे पाहण्यासाठीं मधल्या सुटींत मुलांची गर्दी लोटे. परंतु आठवडा संपतो न संपतो तोंच एकेक मासा तळाशीं निपचित पडूं लागला, आणि दहाव्या दिवशीं पेटी रिकामी झाली. कोणी म्हणाले, खाद्य जास्त झालें. कोणी विकणाऱ्यास बोल लाविला. आणि त्या मुलाच्या मनानें तर घेतलें कीं, आपल्याच हातून कांहीं पाप घडलें. वस्तुतः दोष आम्हां मोठ्यांचा होता. पेटींत आपण कोणतें पाणी भरीत आहों, याची चौकशी आम्हीं केलीच नव्हती. ती चौकशी पुढें केली. तिचें फळ येथें सादर करितों.

सर्व पाणी दिसण्यांत सारखें असलें तरी गुणांत सारखें नसतें. पावसाचें पाणी जमिनींत मुरतांना मातींतील कार्बन डायॉक्साइड वायु आपल्यांत घेतें व त्याच्या बळावर खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळवितें. हे क्षार ज्यांत अधिक, तें पाणी जड, किंवा शास्त्राच्या भाषेंत दुष्फेन. ज्यांत कमी, तें हलकें अथवा सुफेन. तानसा, वैतरणा व भातसा या मुंबईस पाणी पुरविणाऱ्या जलाशयांत सह्याद्रीवरील पावसाचें पाणी सांठतें, म्हणून तें हलकें. कोंकणांतील जांभ्या दगडांतील विहिरींचें पाणीहि बहुधा हलकेंच असतें. उलट देशावरील काळ्या पाषाणांत खोल गेलेल्या विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळदां जड आढळतें.

आपल्या घरचें पाणी कोणत्या जातीचें, हें मातोश्रींस विचारावें. त्यांस तें शास्त्रज्ञांच्या आधीं ठाऊक असतें. ज्या पाण्यांत तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं, आणि ज्यानें बंबाच्या आंत पांढरी खपली धरते, तें पाणी जड समजावें.

अधिक नेमकी परीक्षा करावयाची तर साबणाची कसोटी घ्यावी. एबर्डीन येथील प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनीं ती एकोणिसाव्या शतकांत प्रचारांत आणिली. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्याव्या. एकींत पावसाचें स्वच्छ पाणी व दुसरींत तितकेंच घरचें पाणी घालावें. मग साबणाचें पातळ द्रावण थेंबाथेंबानें टाकून दर वेळीं बाटली हालवावी, व टिकाऊ फेस येण्यास किती थेंब लागले तें मोजावें. साबण मात्र खरा वडीचा असावा. कपडे धुण्याच्या हल्लींच्या पुडींना जड पाण्यांतहि फेस येतो, म्हणून त्या येथें कामाच्या नाहींत. आंकडाच हवा असेल तर मत्स्यपालनाचें सामान विकणाऱ्या दुकानांत परीक्षेच्या पट्ट्या मिळतात. साधारणतः दर लिटरास ६० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असल्यास पाणी हलकें, ६० ते १२० मध्यम, १२० ते १८० जड व त्यापुढें फार जड असें मानितात. आमच्या शाळेच्या विहिरीचें पाणी भरलें ३६०!

आतां याचा माशांशीं संबंध काय? गोड्या पाण्यांतील माशाचें रक्त बाहेरच्या पाण्याहून अधिक क्षारयुक्त असतें. त्यामुळें पाणी कल्ल्यांवाटे सारखें त्याच्या अंगांत शिरत असतें. मासा तें पातळ मूत्ररूपानें बाहेर टाकितो व गमावलेले क्षार कल्ल्यांनीं पुन्हां शोषून घेतो. हा जमाखर्च प्रत्येक जातीनें आपापल्या नदीच्या पाण्याप्रमाणें हजारों पिढ्यांत बसविलेला आहे. तो एका दिवसांत मोडला तर मासा खंगतो. शिवाय जड पाणी पुष्कळदां अल्कधर्मी असतें, आणि नव्या पेटींत माशांच्या मळापासून होणारा अमोनिया अशा पाण्यांत अधिक विषारी ठरतो. आमच्या निऑन माशांवर ही दोन्ही संकटें एकदम कोसळलीं.

यास्तव निवड करितांना माशाचें माहेर विचारावें. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यांतला, कार्डिनल टेट्रा रिओ निग्रो नदींतला. तेथील पाणी अत्यंत हलकें व किंचित् आम्ल. पैदासकेंद्रांत वाढलेले निऑन मध्यम पाणी सोशितात खरे. पण जड पाण्यांत त्यांची अंडीं नीट फळत नाहींत. डिस्कस मासाहि याच पंक्तींतला. हलकें पाणी असणाऱ्यांनीं हे पाळावे. जड पाणी असणाऱ्यांनीं गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल व मॉली घ्यावे. मॉली तर हलक्या पाण्यांत आजारी पडून जागच्या जागीं डुलूं लागतो. आफ्रिकेंतील टांगानिका सरोवराच्या माशांसहि जड पाणीच मानवतें. आपल्या देशांतील झेब्रा मासा व रोझी बार्ब हे मध्यम पाण्यांत सुखी असतात. सोनमासाहि मध्यम ते जड पाण्यांत राहतो, परंतु तो मोठा होतो, त्यास मोठी पेटी लागते.

हलक्या पाण्याचेच मासे पाळण्याचा हट्ट असेल, तर पाऊस चांगला लागल्यावर स्वच्छ भांड्यांत धरलेलें पाणी मिसळावें. आमच्या विहिरीचें एक भाग व पावसाचें दोन भाग घेतल्यास ३६० चे १२० होतात. हें त्रैराशिक प्राथमिक शाळेंतील मुलासहि येईल. लिंबू किंवा शिरका पिळून मात्र क्षार कमी होत नाहींत. पेटींत शिंपले व चुनखडीचे दगड घातल्यास पाणी उलट अधिक जड होतें. पाणी उडून जातें पण क्षार मागें राहतात. म्हणून नुसती भर न घालितां दर आठवड्यास चतुर्थांश पाणी काढून नवें घालावें. नवा मासा आणल्यावर त्याच्या पिशवींत पेटींतील पाणी थोडथोडें घालीत तासभर तरी थांबावें.

आमची पेटी पुन्हां भरली आहे. त्याच विहिरीच्या पाण्यांत आम्हीं आधीं केवळ दोन गप्पी ठेविले, कांहीं आठवडे पाणी मुरूं दिलें व मगच आणखी चार सोडले. डासांच्या अळ्या खाव्या म्हणून शाळेच्या हौदांत ते पूर्वींपासूनच होते. पण घरचे म्हणून कोणी त्यांजकडे पाहिलें नव्हतें. आज तेथें पिलांची गणती लागत नाहीं. तोच विद्यार्थी त्यांची व्यवस्था पाहतो, आणि वहींत दर शनिवारीं पाण्याचा आंकडा टिपून ठेवितो. पिलें फार झालीं म्हणून ओढ्यांत किंवा तळ्यांत सोडूं नयेत, हेंहि तोच इतरांस बजावितो. कारण परके मासे तेथील देशी माशांचा घास हिरावून घेतात.

माशास आपलें पाणी निवडतां येत नाहीं. तें आपण निवडतों. म्हणून आधीं पाणी पारखावें, मग मासा आणावा. एवढी दक्षता घेतली तर जीव वांचतात, आणि लहान मुलाच्या माथीं न केलेला दोष येत नाहीं.