सवय अंगी बाणण्यास लागणारा काळ

प्रश्न : पहाटे फिरण्याची सवय दोन महिन्यांनंतरही अंगवळणी पडत नसेल, तर प्रयत्न व्यर्थ समजावा काय?

उत्तर : मुळीच नाही. एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूत प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या 1960 मधील पुस्तकातून पसरली. तथापि बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घेण्यास रुग्णांना किमान एवढा काळ लागतो, एवढेच त्यांचे मूळ निरीक्षण होते. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 96 व्यक्तींवर केलेल्या आणि 2010 मध्ये छापील स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वयंचलितता, म्हणजे विचार न करता कृती घडण्याची अवस्था, येण्यास सरासरी 66 दिवस लागतील असे आढळले. परंतु व्यक्तीनुसार व कृतीनुसार हा काळ 18 ते 254 दिवस इतका भिन्न होता आणि व्यायामासारख्या कृतींना साध्या कृतींपेक्षा अधिक वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या जडणघडणीत लक्षणीय बाधा आली नाही, हा निष्कर्ष विशेष दिलासादायक आहे. म्हणून वाचकांनी इतरांच्या वेगाशी तुलना न करता ठरावीक वेळी, ठरावीक खुणेला जोडून, झेपेल तेवढीच कृती करीत राहावे. खंड पडल्यास खंत न बाळगता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.