रंगाच्या आधी

आजचं चिंतन पोथीसमोर बसून सुचलेलं नाही, पार्किंगमध्ये हाताला थिनरचा वास घेऊन उभा असताना सुचलेलं आहे.

बाबांची जुनी मारुती ८०० आहे. बॉनेटचा रंग उडाला होता, कडेला गंज धरला होता. त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला गाडी चकाचक करून द्यायची, असं मी ठरवलं. इंजिनिअर माणूस, चार व्हिडिओ बघितले की सगळं येतं असा समज! शनिवारी ओल्या फडक्यानं बॉनेट पुसलं, पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला आणि स्प्रेनं रंग मारला. दहा मिनिटांत रंगात बारीक गोल खळगे पडायला लागले, माशाच्या डोळ्यांसारखे. तळाचा प्रायमर त्यातून दिसत होता. बाबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "असू दे रे, चालतंय की."

मला मात्र चाललं नाही. मी रंगाच्या दुकानदाराला फोन लावला आणि तुमचा माल भेसळीचा आहे, असं तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, रंग काढायच्या आधी बॉनेटवर पाणी ओतून बघितलं होतं का?"

पाणी? तेव्हा कळलं नाही. आता कळलंय, म्हणून क्रमानं सांगतो.

पहिलं, धुणं. साबणाच्या पाण्यानं धूळ, चिखल, पक्ष्यांची घाण काढायची, भरपूर पाण्यानं साबण घालवायचा आणि पूर्ण सुकू द्यायचं. पण साबणानं सगळं जात नाही. मेण, तेल आणि पॉलिशमधलं सिलिकॉन पत्र्याला चिकटून राहतं. त्यावर पाणी ओतलं तर थेंब थेंब होऊन गोळा होतं. पृष्ठभाग खरंच स्वच्छ असेल तर पाणी सलग पसरतं. हीच ती परीक्षा.

दुसरं, ग्रीस काढणं, आणि तेही पेपर मारण्याच्या आधी. मी इथंच चुकलो. आधी घासलं की ती चिकट घाण ओरखड्यांच्या आत ढकलली जाते, मग निघता निघत नाही. मेण-ग्रीस काढायचं द्रावण एका फडक्यावर घेऊन थोडा भाग ओला करायचा आणि तो ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचा. तसंच वाळू दिलं तर द्रावण उडून जातं आणि घाण जागच्या जागी परत बसते. फडकं सतत बदलायचं. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करायचं, आणि जवळपास काडीपेटीसुद्धा नको.

तिसरं, घासणं. गंजावर जाडा ८० नंबर, पत्रा उघडा होईपर्यंत. गंजावर नुसता रंग दिला तर तो आतून वाढतच राहतो. मग रंगाच्या कडा उताराच्या करायला १८०, नंतर ३२०. उघड्या पत्र्यावर लवकर प्रायमर द्यायचा, कारण दमट हवेत तो पुन्हा गंजू लागतो. प्रायमर वाळला की ६०० नंबरनं हलकं घासायचं, धूळ काढायची, पुन्हा एकदा द्रावणानं पुसायचं. यानंतर उघडा हात लावायचा नाही, बोटांचं तेलही पुरेसं असतं.

आता सिलिकॉन आलं कुठून? बाबा दर रविवारी प्रेमानं गाडीला पॉलिश लावायचे. वर्षानुवर्षांची ती माया बॉनेटवर थरानं बसली होती. वाईट काहीच नव्हतं. पण नव्या रंगाला जागा द्यायची, तर जुनी चकाकीही उतरवावी लागते.

आपलंही असंच नाही का? मी रोज पहाटे वाचतो, इथं चार ओळी लिहितो. नवा रंग चढतोय असं वाटतं. खाली मात्र 'मी चुकत नाही' हे जुनं पॉलिश तसंच असतं. त्या दुकानदारावर ओरडलो तो मीच, आणि त्याच दिवशी सकाळी मी नम्रतेवर लिहिलं होतं! त्यांचा प्रश्न म्हणजे माझ्यावर ओतलेलं पाणी होतं. थेंब गोळा झाले, माझं मलाच दिसले.

आठ दिवस रंग नीट वाळू दिला. मग सगळा खरवडून पहिल्यापासून सुरुवात केली. पाणी ओतलं, ते सलग पसरलं, मगच पुढं गेलो. वाढदिवस तोवर उलटून गेला होता. पण पुसायला बाबाही बसले, एक फडकं त्यांच्या हातात, एक माझ्या.

त्याआधी एक काम केलं. दुकानात गेलो आणि म्हटलं, "काका, चूक माझी होती. माफ करा." ते हसले. "फडकी सुती घ्या," म्हणाले.

वाचकहो, आज एकच करा. नवा संकल्प करण्याआधी कुणाची माफी मागायची राहिली आहे का, ते बघा. आधी तेवढं पुसून घ्या, रंगाचं नंतर बघू.

उद्या भेटूच.