उंच टाच सोडताना

अनवाणी, स्थिर उभ्या राहिलेल्या माणसाचा सुमारे ६० टक्के भार टाचेवर येतो आणि उरलेल्यापैकी बहुतेक चवड्यावर, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेल्या रुंद भागावर, पडतो. पादत्राणाची टाच जसजशी उंच होते तसतसा हा भार पुढे सरकतो व प्रामुख्याने अंगठ्याच्या मुळाखाली एकवटतो. तेथे घट्टे पडतात ते त्यामुळेच. तोल बिघडतो तो मात्र घोट्यात. घोट्याच्या खोबणीत बसणारे हाड पुढे रुंद व मागे अरुंद असते. टाच उचललेली असली की त्याचा अरुंद भाग खोबणीत येऊन सांधा सैल राहतो, आणि हाडांनी द्यायचा आधार अस्थिबंधांना, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांना, पेलावा लागतो. जिना उतरताना किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय मुरगळतो तो बहुधा याच अवस्थेत. रुंद टाचेने डगमग कमी होते हे खरे, परंतु गुडघ्यावरचा वाढीव ताण तिनेही टळत नाही.

प्रस्तुत लेखिकेने बारा वर्षे, वर्गात उभ्याने शिकवताना, अडीच इंची टाच वापरली आणि घोटा दुसऱ्यांदा मुरगळल्यावर ती एका दिवसात सोडून अगदी सपाट चपला घातल्या. खरी चूक येथे झाली. वर्षानुवर्षे टाच उंचावर राहिल्याने पोटरीचे स्नायू आखूड आणि त्यांना टाचेशी जोडणारी कंडरा, म्हणजे दोरीसारखा जाड बंध, ताठर होऊ शकते. तिला अचानक जमिनीपर्यंत ताणल्यामुळे पंधरवड्यातच टाचेमागे अशी कळ येऊ लागली की सकाळची पहिली पावले भिंत धरून टाकावी लागत. उंच टाचेचे तोटे सांगणारे पुष्कळ भेटतात, ती सोडायची कशी हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

म्हणून दीर्घ सवय असलेल्या स्त्रीने उंची टप्प्याटप्प्याने, शक्यतो एकेक सेंटिमीटरने, उतरवावी. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा ताठ व टाच जमिनीवर ठेवून पोटरी रोज ताणावी आणि कळ उठताच थांबावे. उंची मोजताना पुढच्या तळाची जाडी वजा करावी, कारण टाच व चवडा यांच्या पातळीतील फरक हीच पायाला जाणवणारी चढण असते; मात्र जाड तळाने पाऊल जमिनीपासून दूर जाते, त्यामुळे तोलाचा धोका त्या वजाबाकीने कमी होत नाही. लेखिकेला पुन्हा अडीच इंचांपासून सुरुवात करून पाऊण इंचावर येण्यास आठ महिने लागले.